आजीचा खास बेत

आठ महिने आमच्या घरी मी पोस्टमनचं काम केलं. श्रीरंग सोफ्यावर बसून म्हणायचे, "तिला सांग, गाडीचा विमा संपतोय." मी फोनवर केतकीला सांगायचे, गाडीचा विमा संपतोय. ती म्हणायची, "बाबांना सांग, भरलाय." मी मान वळवून सांगायचे, भरलाय. फोन स्पीकरवरच असायचा. दोघांनाही एकमेकांचं शब्दन्‌शब्द ऐकू यायचं, पण मध्ये मी हवीच.

कारण एवढंच की आमच्या लेकीने सरकारी कंपनीतली नोकरी सोडली. श्रीरंग केंद्र सरकारात अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मते जगात दोनच जाती आहेत, पेन्शनवाले आणि बिनपेन्शनवाले. केतकी चौतिसाव्या वर्षी आपण होऊन दुसऱ्या जातीत गेली, आणि तेही कशासाठी, तर लोकांना जेवायला घालायला.

"एवढं शिकून खानावळ काढणार?" श्रीरंगनी विचारलं होतं.

"खानावळ नाही हो बाबा. सपर क्लब."

"फरक काय?"

"आधी नाव नोंदवायचं. मग अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसायचं आणि जे वाढतील ते खायचं."

"म्हणजे मेसच की. मेसमध्ये निदान रविवारी गोड असतं."

त्यावर केतकीने बॅग भरली आणि द्वारकेचं घर सोडून थेट दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला खोली घेतली. तिथेच तिचा तो क्लब. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. मला वाटलं होतं, महिनाभरात राग उतरेल. पण दोघं एकाच पिठाची, कोण आधी उतरणार?

एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. या वेळी स्पीकर बंद करायला लावला.

"आई, सोळा मेला बाबांना घेऊन ये. स्पेशल डिनर आहे. काही बोलायला नको, कौतुक तर बिल्कुल नको. फक्त बसून पान पूर्ण करू देत. तेवढ्यावर मी समजेन."

"आणि नाही केलं तर?"

"उठून गेले तर तेही समजेन. मग मी परत विचारणार नाही, आई. थकले मी."

 आमच्या घराण्यात श्रीरंग पानावरून उठण्यासाठी प्रसिद्ध आहेत. नागपूरला त्यांच्या चुलतभावाच्या, दिनकरच्या मुलाचं लग्न होतं. दिनकर पंगतीत सहज बोलून गेला, दिल्लीवाले आहेराला हात आखडता घेतात. साहेबांनी पहिला घास तोंडात घातला होता तो गिळला, उठले, हात धुतला आणि स्टेशनवर जाऊन बसले. माझ्या पानात जिलबी तशीच. त्याला एकोणीस वर्षं झाली, दिनकरशी बोलणं नाही ते नाहीच.

तरी मी त्यांना तयार केलं. कसं ते विचारू नका. तीन दिवस घरात चहा झाला नाही, एवढं सांगते.

सोळा मेला चार वाजता निघालो. द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन, राजीव चौकला उतरून यलो लाइन, पुढे ई-रिक्शा. श्रीरंगनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि वर तो चौकशी समितीसमोर जाताना करायचे तो चेहरा. रिक्शा एका गल्लीत वळली तसे ते ताठ झाले.

"हेमा, हा तर तोच कारखाना."

"कुठला?"

"त्र्याण्णवच्या जूनमध्ये दादांसाठी बर्फ नेला तो. मी आणि शेजारचा ड्रायव्हर आलो होतो पहाटे. दोन लाद्या."

दादा म्हणजे माझे सासरे. ते गेले तेव्हा आम्ही तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, इथून जवळच. नागपूरहून माणसं येईपर्यंत दादांना ठेवायचं होतं, जूनचा उन्हाळा, म्हणून बर्फ. मी आपली म्हणाले, "असेल, दिल्लीत बर्फाचे कारखाने काय थोडे होते." पण भिंतीवर निळ्या रंगात जुनी अक्षरं अजून होती, "शादी-ब्याह व अंतिम संस्कार के लिए बर्फ, चौबीस घंटे". त्यावर केतकीच्या मंडळींनी छान पिवळा दिवा सोडला होता, आणि दोन मुली त्याखाली उभ्या राहून ओठांचा चंबू करून फोटो काढत होत्या.

आत मात्र गार होतं. एसी नव्हता तरी गार. भिंतीत हातभर जाड बुचाचं लाकूड भरलंय म्हणे. अमोनियाच्या पायपांना सोनेरी रंग दिला होता. बर्फ पाडायचे लांबट पत्र्याचे डबे उलटे टांगून त्यांचे दिवे केले होते. लाद्या ओढायचे लोखंडी आकडे भिंतीवर ओळीने लावले होते, देवघरातल्या तसबिरी लावाव्यात तसे. मधोमध एक लांबच लांब टेबल आणि चोवीस खुर्च्या. एकूण आमच्या सरकारने जे भंगारात काढलं असतं ते सगळं इथे पुसून मांडलं होतं.

केतकी धावत आली. मला मिठी मारली. बापाकडे पाहून नुसती मान हलवली. बापाने माझ्याकडे पाहून म्हटलं, "तिला सांग, बारीक झालीय."

"आधी सगळे वर चला," केतकीने टाळी वाजवून पाहुण्यांना हिंदीत सांगितलं. "पहली थाली छत पर."

लोखंडी जिना चढून चोवीस माणसं गच्चीवर गेलो. सहा वाजले होते, उन्हं अजून होती. पलीकडे रिजच्या टेकडीची झाडी, अलीकडे पाण्याच्या टाक्या. कठड्याजवळ एका पाटावर पत्रावळ मांडली होती. मी पुढे होऊन पाहिलं.

तांदळाची खीर. उडदाचे वडे. गवारीची भाजी, लाल भोपळ्याची भाजी, कारलं. भाताची मूद, द्रोणात कढी. आणि कोपऱ्यात काळपट तपकिरी आमसुलाची चटणी.

आमसुलाची चटणी आमच्याकडे एरवी कोणी करत नाही. कोणाची करायची हिंमतच होत नाही. हे श्राद्धाचं पान होतं. अगदी साग्रसंगीत, माझ्या सासूबाई मांडायच्या तसं, एक पदार्थ इकडचा तिकडे नाही.

मग आठवलं. फेब्रुवारीत केतकीने आजीची स्वयंपाकाची वही मागितली होती. मी माळ्यावरून काढून राजीव चौक स्टेशनवर तिच्या हातात दिली. उघडूनसुद्धा पाहिली नाही. "घेऊन जा बाई, माझं डोकं खाऊ नकोस," असं म्हणून दिली.

"ये मेरी आजी की नोटबुक का सबसे पुराना पेज है," केतकी सांगत होती. "सबसे ज़्यादा दाग इसी पेज पर हैं, मतलब सबसे ज़्यादा यही बनता था. उस पर लिखा है, रंगोली नहीं. कांदा-लसूण नहीं. पकाते वक़्त चखना नहीं. और पहली थाली छत पर, फिर बाकी सब. मेरी आजी खुद भूखी रहकर पहले आसमान को खिलाती थीं!"

"वॉव," कोणीतरी म्हणालं. "सो मिनिमलिस्ट."

माझ्या सासूबाई आणि मिनिमलिस्ट! त्यांनी आयुष्यात कधी एक लुगडं टाकून दिलं नव्हतं.

श्रीरंग पानाकडे पाहत उभे होते. चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. मी त्यांचा दंड धरला, तो लाकडासारखा झाला होता. लोक फोटो काढून खाली उतरले तसे ते हळू म्हणाले, "हेमा, हे कोणाचं पान आहे?"

"तिला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही."

"एवढी अनोळखी माणसं. फोटो काढतायत."

"तुम्ही खाली बसा. मी बघते."

मी तडक स्वयंपाकघरात गेले. ठरवूनच गेले, पोरीला सांगायचं आणि हे थांबवायचं. आत केतकी आणि तिचा भागीदार मानस वडे तळत होते. ती घामाने निथळत होती, कपाळाला पीठ लागलं होतं, आणि इतकी खूष मी तिला बारावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

"केतकी, हा बेत तुला कोणी सुचवला?"

"तूच!" ती हसली. "आठवत नाही? शाळेतून नाहीतर खेळून आले की तू म्हणायचीस, आज आजीचा खास बेत आहे. वडे आणि खीर झाकून ठेवलेली असायची. वर्षातून दोनदाच. मी वर्षभर वाट बघायचे, आई. ऑफिसमध्ये ती घाणेरडी वर्षं काढली ना, तेव्हा रोज मनात हेच यायचं, एक दिवस मी लोकांना तो बेत खायला घालणार. क्लबचं सगळं त्यातूनच निघालं."

 चूक माझीच होती. पोर लहान होती, तिला कशाला सांगा मेलेल्यांचं जेवण म्हणून, अशा विचाराने मी 'खास बेत' म्हणायचे. श्राद्ध दुपारी बाराला आटपायचं. पितृपक्षात ती तेव्हा शाळेत, आणि जूनच्या सुट्टीत मी तिला शेजारी खेळायला पाठवायचे. पुढे कॉलेज, पुढे बंगळूर. गुरुजी, दर्भ, कावळा, यातलं काही तिने कधी पाहिलंच नाही. तिने पाहिले ते फक्त झाकून ठेवलेले गार वडे.

"चव घेतलीस का?" मी कसंबसं विचारलं.

"चाखायचं नाही ना! लिहिलंय तसं."

"बरं," मी म्हणाले आणि बाहेर आले.

खरं तर मला राग कोणाचा आला ते सांगते. माझाच आला. हे पान आमच्या घरातून मीच बंद केलं होतं. एकोणतीस वर्षं मी दादांचं श्राद्ध रांधलं. जूनची दिल्ली, बाहेर पंचेचाळीस डिग्री, ओली साडी नेसून, पंखा बंद करून वडे तळायचे, आणि शेजारी सासूबाई उभ्या, "हेमलता, वडा फुगला नाही." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी श्रीरंगना साफ सांगितलं, आता माझ्याच्याने होणार नाही, गुडघे गेलेत, कुठेतरी देणगी द्या. त्यांनी "बरं" म्हटलं आणि एका अनाथाश्रमाला चेक पाठवला. एक शब्द काढला नाही. हा माणूस शब्द काढत नाही हीच तर माझी आयुष्यभराची तक्रार. म्हणजे ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची पानं मांडली, तिचं स्वतःचं पान कोणी मांडलंच नव्हतं.

टेबलावर श्रीरंगच्या शेजारी एक मोत्यांची माळ घातलेल्या बाई बसल्या होत्या. स्टीलची ताटं आली. रांगोळी नाही, फुलं नाहीत. केतकी आणि मानस वाढत गेले. मोतीवाल्या बाईंनी चटणीला बोट लावलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "माय गॉड. ये तो डाइनिंग एक्सपीरियन्स है. मुझे तो लग रहा है मैं किसी और दुनिया में पहुँच गई."

"बस, अभी पहुँचे नहीं हैं," श्रीरंग म्हणाले. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

ते जेवायला लागले. आधी भात. मग वडा, खिरीत बुडवून. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. गवारीचा घास घेतला आणि हात थांबला. घास गिळला. पाण्याचा घोट घेतला. हात पुसायचं फडकं मांडीवरून उचलून ताटाशेजारी ठेवलं.

नागपूरलाही अस्संच केलं होतं. "अहो," मी म्हणाले. "अहो, नको ना."

खुर्ची मागे सरकली आणि ते उठून उभे राहिले.

वाढता वाढता केतकी थांबली. कढीची वाटी तिच्या हातातच राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना काही, नुसतं 'कळलं मला' असं होतं. मला वाटलं, संपलं. आता ही पोर पुन्हा आपल्या दारात येत नाही. मी मनातल्या मनात माझ्या सासूबाईंना हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन.

आणि मोतीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "अंकल कुछ बोलेंगे! केतकी के फादर हैं ना? स्पीच! अंकल, बताइए ना, ये खाना कब बनता है आपके यहाँ?"

सगळी तोंडं वर झाली. श्रीरंगनी आयुष्यात कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नाही. एकदा तर यांच्या वरच्या साहेबांच्या बायकोने विचारलं, माझी साडी कशी आहे, तर यांनी खरं सांगितलं होतं आणि बढती दोन वर्षं लांबली होती. मी डोळे मिटून घेतले.

"ये खाना," ते त्यांच्या ऑफिसच्या हिंदीत, घसा साफ करून म्हणाले, "हमारे घर में साल में दो बार बनता था. बहुत नियम से. जिसके लिए बनता है, वो टेबल पर नहीं होता. इसलिए उसकी थाली छत पर जाती है, और हम लोग नीचे उसकी तरफ़ से खाते हैं."

कोणीतरी "आह" केलं.

"बनाती मेरी माँ थीं. और मेरी पत्नी. उनतीस साल, जून के महीने में, पंखा बंद करके. मैंने एक बार भी नहीं पूछा, थक गई क्या. लेकिन हर बार ये ज़रूर बोला कि गवार में नमक कम है. चखना मना था, तो कम ही रहता था." ते थांबले. "तीन साल से घर में नहीं बना. आज बना है. और नमक आज भी उतना ही कम है."

एवढं बोलून ते खाली बसले, फडकं पुन्हा मांडीवर घेतलं आणि गवार संपवायला लागले.

मला रडू आलं हो. तिथेच, त्या बर्फाच्या कारखान्यात, परक्या लोकांसमोर. एकोणतीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते या माणसाने मला न सांगता टेबलभर गिऱ्हाइकांना सांगितलं, तेही हिंदीतून. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मोतीवाल्या बाईंनी डोळे टिपले.

"सो ब्यूटिफुल, अंकल. केतकी, अगले महीने मेरे हसबैंड का फिफ्टीएथ बर्थडे है. हमें यही मेन्यू चाहिए. एग्ज़ैक्टली यही, छतवाली थाली के साथ."

मला कढीचा ठसका लागला. श्रीरंगनी न बघता माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि केतकीकडे ताट पुढे केलं.  गवारीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. तिने वाढलं. निम्मी भाजी ताटाबाहेर पडली.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर गेलो. सात वाजत आले होते, उजेड होता अजून. पान तसंच होतं. टाकीच्या काठावर दोन कावळे बसले होते, आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखे दुसरीकडे पाहत होते.

आमच्याकडे कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलंय असं धरतात. मग घरातले एकेकजण हात जोडून वचनं देत सुटतात, कोणत्या तरी वचनावर तो येतो. दादांच्या वेळी तिमारपूरच्या गच्चीवर "आईला अंतर देणार नाही" या श्रीरंगच्या वाक्यावर आला होता. अर्थात तोवर दीड वाजला होता, त्याला भूकही लागली असेल.

श्रीरंगनी हात जोडले. "आई, केतकीच्या नोकरीचा विषय काढणार नाही."

कावळे ढिम्म.

"दिनकरला फोन करीन."

एक कावळा उडाला, तो उलट्या दिशेला.

"तुमचं नाही हे," मी म्हणाले. "सरका." माझे गुडघे वाकत नाहीत, तरी मी कठडा धरून पाटासमोर बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "आई, चुकलं माझं. राग तुमच्यावर होता तो तुमच्या पानावर काढला. पुढच्या वर्षी मी घरी करते. तुमच्या तिथीला. वडे फुगतील की नाही ते सांगू शकत नाही."

आणि रिजच्या झाडीतून, टाकीवरून, धप्पकन एक भलंमोठं माकड पाटापुढे उतरलं. मी किंचाळले. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी वडे उचलले, एक तोंडात, एक काखेत, खिरीच्या द्रोणात बोट घालून चाटलं, कारलं हुंगून बाजूला फेकलं. सासूबाईंनाही कारलं आवडायचं नाही. मग पत्रावळीसकट उरलेलं ओढत कठड्यावरून पसार झालं.

"कावळा रजेवर असेल," श्रीरंग अगदी गंभीरपणे म्हणाले. "अतिरिक्त कार्यभार याच्याकडे दिलेला दिसतो."

मी जमिनीवर बसूनच हसायला लागले. ते मला उठवायला वाकले तर त्यांनाही हसू आवरेना. तेवढ्यात केतकी जिन्यावरून धावत आली. "आई! काय झालं? अरे यार, ते पान, माकडाने नेलं का? मी दुसरं मांडते, थांबा..."

"राहू दे, केतकी," श्रीरंग म्हणाले. "पोचलं ते."

ती जागच्या जागी उभी राहिली.

"बाबा, तुम्ही माझ्याशी बोललात?"

"मग काय माकडाशी?"

तिने एकदम त्यांचा हात धरला. ते अवघडले, पण हात काढून घेतला नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही खाली म्हणालात, ज्याच्यासाठी असतं तो टेबलावर नसतो. कोणासाठी असतं, बाबा?" ती हुशार आहे माझी लेक, तिच्या डोळ्यांत अर्धं उत्तर आलंच होतं.

"त्या वाढदिवसवाल्या बाईंना श्रीखंड-पुरी दे," मी मध्येच म्हणाले. "हा बेत नको."

"का? त्यांना हाच हवाय."

"त्यांचा नवरा अजून धडधाकट आहे म्हणून."

तिचं तोंड उघडं पडलं. तिने पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बापाकडे. आधी लाल झाली, मग पांढरी. आता ही रडते की हसते ते मला कळेना, बहुतेक तिलाही कळत नव्हतं.

"चोवीस लोकांना..." ती पुटपुटली. "देवा रे. चोवीस लोकांना मी..."

"पुण्यच आहे," श्रीरंग म्हणाले. "वहीत बारा लिहिलेत, तू दुप्पट केलेस. रविवारी घरी ये. वही घेऊन ये, आई सगळं नीट सांगेल."

"घरी?" तिने विचारलं. आठ महिन्यांनी तिने तो शब्द उच्चारला.

"मग कुठे? आणि येताना आमसुलं घेऊन ये. घरातला डबा रिकामा आहे. तीन वर्षं झाली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तो डबा सगळ्यात वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे असतो. स्टूल घेतल्याशिवाय माझाही हात पोचत नाही. आणि हा माणूस पाणी प्यायलासुद्धा कधी स्वयंपाकघरात येत नाही, सोफ्यावरून हाक मारतो.

"किलोभर आण," मी केतकीला सांगितलं.